गुरुवारी विझणारी भट्टी

आमची वाटचाल चहाच्या गाळणीपासून सुरू झाली. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, तार ओढायची दोन जुनी मशिनं आणि जाळी विणणाऱ्यांना लागणारी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची बारीक तार, एवढाच पसारा.

डायमधून, म्हणजे तार बारीक करणाऱ्या भोकाच्या साच्यातून, ओढली की स्टेनलेसची तार कडक होते, आणि थोडी चुंबकालाही चिकटायला लागते. एका गिऱ्हाइकाने "हे स्टेनलेस नाहीच" म्हणत माल परत पाठवला होता. तीच तार ॲनील करून त्यांच्यापुढे धरली, चुंबक सुटलं, ऑर्डर टिकली. ॲनीलिंग म्हणजे साधारण १०५० अंशांपर्यंत तापवायची आणि झटकन थंड करायची. मधल्या ८५० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळली, तर स्टीलमधलं क्रोमियम कार्बनशी जुळून धातूच्या कणांच्या कडेला बसतं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो.

हे काम आम्ही नळ्यांच्या भट्टीत करायचो. अमोनिया फोडला की ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन मिळतो, त्यात तार चकचकीत राहते. पण हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. एका कामगाराची बाही पेटली, हात थोडक्यात वाचला. शिवाय ही भट्टी विझवायची सोय नाही. तापायला वेळ लागतो, आणि तापव-निवव केलं की नळ्या तडकतात. गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, सगळी भोसरी बंद, आमची भट्टी मात्र चालू! घरच्या लग्नातसुद्धा माझा एक कान फोनकडे असायचा. लाईट गेली की नळ्यांत अडकलेली तार थेट भंगारात.

प्लाझ्माचं यंत्र घेतलं ते या गुरुवारसाठीच, असं मी बँकेत सांगितलं नाही. हवा काढून घेतलेल्या चेंबरमधून तार जाते, आत थोडा आर्गॉन असतो, तार ऋण टोकाला जोडलेली. विजेने आर्गॉनचा प्लाझ्मा होतो आणि त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, तिच्यावर आदळतात, त्यामुळे उष्णता तारेतच तयार होते, भिंती तापवाव्या लागत नाहीत. जांभळट उजेडातून तार क्षणात लालभडक होऊन पुढे निघते. बटण दाबलं की सुरू, दाबलं की बंद.

ठेच लागली ती साबणामुळे. तार ओढताना तिला लावलेला साबण आयनांच्या माऱ्याने आपोआप निघेल, असं गृहीत धरून मी धुण्याची टाकी बंद केली. साबणाचा थर राहिला त्या जागी ठिणगी बसायची आणि तारेवर सुई टोचल्यासारखे डाग पडायचे. होज पाइपवरची जाळी विणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तार नेमकी त्या डागांवर तुटू लागली. त्या वेळी पदरचे बरेच पैसे गेले. आयन पातळ थर साफ करतात, हे खरं. पण साबणाची पुटं नाही. आता तार आधी गरम पाण्यात अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, धुऊन घेतो, मगच आत सोडतो.

तारेच्या वाटेवरची सीलं झिजली की आत हवा शिरते आणि तारेला निळसर झाक येते. ती झाक सगळ्यात आधी पकडतात आमच्या पॅकिंगच्या मावशी, आतला दाब दाखवणाऱ्या गेजच्याही आधी. जाड तार या यंत्राला झेपत नाही, ती अजून बाहेरून ॲनील करून आणतो. जुनी भट्टी विकली. तिच्या जागेवर आता धुण्याची दुसरी टाकी बसते आहे, आणि ते काम गुरुवारीच चालतं.