बॅटरी ओके आहे

‘बॅटरी ओके’ असं लिहून शिक्का मारलेला एक कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय. तो मिळवायला नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून चार फेऱ्या झाल्या, तीन दिवस गेले आणि भाड्याच्या जनरेटरचं बिल वेगळं. चीड याची आहे की कागदावर लिहिलेलं खरं होतं.

ओझरच्या पुढे आमचं द्राक्षांचं छोटं प्रीकूलिंग युनिट आहे, म्हणजे तोडलेला माल थंड करायच्या खोल्या. मी आणि चुलतभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात, असे दोघं मिळून चालवतो. ८२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर, चार सिलिंडरचं इंजिन, सेल्फ (इंजिनला फिरवून सुरू करणारी मोटर) १२ व्होल्टचा. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागला होता आणि आमच्या खोल्यांमध्ये पहिला माल लागला होता. सोमवारी सकाळी साडेसहाला लाइट गेली. पॅनलने आपणहून तीनदा सेल्फ मारला, तिन्ही वेळा नुसतं ‘टक’ झालं आणि स्क्रीनवर ‘फेल टू स्टार्ट’ येऊन लाल दिवा लागला.

शेजारच्या मळ्यातले नाना ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी जंपर केबल काढली, पॉझिटिव्ह आमच्या बॅटरीला लावली आणि निगेटिव्हचा चिमटा इंजिन उचलायच्या हुकाला अडकवला. बटण दाबलं, अर्ध्या सेकंदात इंजिन सुरू! नाना म्हणाले, “बॅटरी मेलीय तुमची.” दादा म्हणाला, “बॅटरीच.” मीही मान डोलावली. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, तरीही. नानांनी तो चिमटा कुठे अडकवला हे आम्हा तिघांच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिघांनाही दिसलं नाही.

जनरेटरच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला. इंजिनचा सिरीयल नंबर, आवर मीटरचं रीडिंग, पॅनलचा फोटो, सगळं पाठवलं. कम्प्लेंट नंबर मिळाला. तासाभराने फोन आला, “सर, बॅटरी आमच्या करारात येत नाही. आधी बॅटरीचा टेस्ट रिपोर्ट पाठवा, मग इंजिनिअर येतील.” बॅटरी चौदा महिन्यांची, म्हणजे वॉरंटीत. म्हटलं चला, फुकटात बदलून मिळेल.

मंगळवारी १८० एएचचा तो धोंडा दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकला आणि नाशिक गाठलं. काउंटरवर टोकन. माझ्या पुढे सात जण, बहुतेक इन्व्हर्टरवाले. नंबर आला तेव्हा वॉरंटी कार्ड दिलं, बिल दिलं. बिल बघून काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “हे दुसऱ्या नावावर आहे.” होतं खरं. बॅटरी घेतली तेव्हा धंदा एकट्या दादाच्या नावावर होता, पार्टनरशिप नंतर झाली. “लेटरहेडवर लिहून आणा, सही-शिक्क्यासह.” मी म्हटलं, माणूस तोच आहे, फोनवर बोलून घ्या. तो म्हणाला, “सिस्टिममध्ये फोन अपलोड होत नाही.” उत्तर तयार होतं, म्हणजे हा प्रश्न विचारणारा मी पहिला नव्हतो. परत ओझर, लेटरहेड, परत नाशिक. बॅटरी जमा झाली, पावती मिळाली. “चोवीस तास चार्जिंगला लागेल. चार्ज केल्याशिवाय टेस्ट होत नाही.”

हे मात्र बरोबर आहे. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्ट घेऊन काही कळत नाही. पण रिकामी कधी होती ती? आणताना मी मीटर लावला होता. १२.६ व्होल्ट. सहा सेलची बॅटरी विश्रांतीत १२.६ दाखवते म्हणजे ती जवळजवळ भरलेली असते. १२.० दाखवली असती तर गोष्ट वेगळी. हा आकडा मी काउंटरवर सांगितलाही. मुलाने “हो सर” म्हणून पुढचं टोकन पुकारलं.

इकडे माल थांबत नव्हता. भाड्याचा जनरेटर आणून उभा केला होता, त्याचं डिझेल आमचं आणि भाडं दिवसावर. खोलीचं दार उघडलं की दादा माझ्याकडे बघायचा, जणू लाइट मीच घालवलीय.

बुधवारी चोवीस तास झाल्यावर गेलो. टेस्ट करणारा माणूस बाहेर साइटवर. “उद्या या.” मी बाकड्यावर बसून राहिलो. वाटलं, माणूस बसलाय म्हटल्यावर कुणाला तरी लाज वाटेल. पाच वाजता शटर अर्धं खाली आलं, तेव्हा मला लाज वाटली आणि उठलो. त्या संध्याकाळी ओळखीच्या गाडीची १२ व्होल्टची चांगली बॅटरी मागून आणली, आपल्या केबल लावल्या, बटण दाबलं. टक!

म्हणजे बॅटरी नव्हेच. हे बुधवारी रात्री साडेआठला समजलं. तरीही गुरुवारी मी रिपोर्ट आणायला गेलो, कारण आमची बॅटरी त्यांच्या ताब्यात होती आणि रिपोर्टशिवाय इंजिनिअर हलणार नव्हता. टेस्टर लावला, दोन मिनिटं लागली. ‘बॅटरी ओके’. शिक्का. दोन मिनिटांच्या कामाला तीन दिवस. मी फक्त “चार्जिंगचे पैसे किती?” एवढंच विचारलं. त्यांनी घेतलेही.

रिपोर्टचा फोटो सर्व्हिसवाल्यांना पाठवला. “इंजिनिअर अठ्ठेचाळीस तासांत येतील सर.”

येताना द्वारकेला सेल्फ रिपेअर करणाऱ्याकडे थांबलो. तो म्हणाला, “टक होतंय म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. सेल्फ काढून आणा.” सोलेनॉइड म्हणजे सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच. हे चुकीचं नाही. एकच ठाम ‘टक’ होऊन पुढे काही नाही, तर कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. ‘टकटकटकटक’ अशी माळ लागली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. पण सेल्फच्या वरच्या बोल्टपर्यंत हात घालायला आमच्या कॅनॉपीत, म्हणजे जनरेटरभोवतीच्या पेटीत, एक पॅनल आणि एक पाइप काढावा लागतो. त्या आळसाने मला वाचवलं. म्हटलं, काढण्याआधी एकदा मोजू.

सोमवारी मी मोजलं नव्हतं असं नाही. मीटर बीपवर ठेवून दोन्ही केबल तपासल्या होत्या. दोन्हीकडे बीप. ओहमवर ०.० आला होता. मी स्वतःला आयटीआयवाला म्हणवतो आणि इथेच फसलो. मीटर तपासायला जो करंट सोडतो तो इवलासा, केबलची एक तार शाबूत असली तरी बीप वाजणार. सेल्फ मात्र शेकड्यात अँपिअर ओढतो. ३०० अँपिअर धरा. वाटेत फक्त ०.०१ ओहम आला तरी ३ व्होल्ट तिथेच गेले, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर ०.० च दिसतो. म्हणून सेल्फची लाइन मोजायची ती सेल्फ मारत असताना, आणि व्होल्टमध्ये.

गुरुवारी रात्री तेच केलं. आधी डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढला, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन सुरू होणार नाही. आमच्याकडचा सोलेनॉइड करंट मिळाला तरच डिझेल सोडतो, तुमचा उलटा असू शकतो, आधी बघून घ्या. पॅनल ऑटोवरून काढून मॅन्युअलवर घेतलं. हे फार महत्त्वाचं. तुम्ही पंख्याजवळ वाकलेले आणि लाइट गेली म्हणून इंजिन आपोआप फिरायला लागलं तर? पोऱ्याला बटणावर बसवलं आणि बजावलं, मी म्हणेन तेव्हाच, आणि ‘बस’ म्हटलं की बोट उचलायचं.

पहिलं माप बॅटरीवर. काटे शिशाच्या खुंटीवर टेकवले, क्लॅम्पवर नाही. पोऱ्याने बटण दाबलं. ११.३. इथेच डोक्यात काहीतरी हललं. मेलेली बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली ९.६ च्या खाली बसते. ही ११.३ वर निवांत उभी, म्हणजे तिच्याकडून कुणी पुरेसं मागतच नव्हतं. दुसरं माप सेल्फवर, जाड केबलच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. ७.०. बॅटरीतून ११.३ निघाले, पोहोचले ७. मधले ४.३ व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले.

कोणी खाल्ले ते शोधायला आणखी दोन मापं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३. ठीक, अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं. मग काळा काटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल काटा इंजिनच्या ब्लॉकवर, एका उघड्या बोल्टच्या डोक्यावर. इथे ०.२ च्या आसपास यायला हवं. पोऱ्याने बटण दाबलं आणि मीटरवर ४.० आलं. ०.३ आणि ४.० मिळून ४.३. हिशोब पैशात पैसा जुळला. रात्री साडेदहाला त्या शेडमध्ये मी एकटाच मोठ्याने हसलो. पोऱ्याला वाटलं थंडीने काहीतरी झालं.

आमच्या सेटमध्ये बॅटरीची निगेटिव्ह केबल लोखंडी बेसफ्रेमला जाते. इंजिन रबरच्या पॅडवर बसलेलं, म्हणजे फ्रेमपासून सुटं. दोघांना जोडतो तो विणलेल्या तांब्याचा एक पट्टा. दिवाळीआधी फ्रेमला गंज आला म्हणून आम्हीच रंग काढून घेतला होता. रंगवाल्याने पट्टा सोडला, छान दोन हात मारले आणि ताज्या रंगावरच पट्टा परत आवळला. इतके दिवस सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता. त्यात शेड धुतल्यावर पाणी मुरलं. टॉर्च मारून बघितलं तर बोल्टभोवतीचा रंग फुगून त्याचा तपकिरी पापुद्रा झाला होता, बाकी सगळी फ्रेम चकचकीत. बोट लावलं तर चटका बसला. चार-पाच वेळा सेल्फ मारल्याची ती धग.

आता नानांचा चिमटा आठवा. तो थेट इंजिनच्या हुकाला होता, म्हणजे या पट्ट्याला वळसा घालून. ट्रॅक्टरची बॅटरी भारी आणि आमची मेलेली, असं काही नव्हतं. करंटला परतीची चांगली वाट मिळाली, एवढंच. सोमवारी सकाळी सात वाजता उत्तर आमच्यासमोर इंजिनला लटकत होतं आणि मी पुढचे तीन दिवस टोकन घेऊन बसलो. त्यामुळे जंपरने गाडी सुरू झाली तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. एकदा जंपरची फक्त एक केबल आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत लावा. तेवढ्याने सुरू झालं तर दोष अर्थमध्ये, म्हणजे करंटच्या निगेटिव्हकडे परतायच्या वाटेत. हे करताना चिमटा पॉझिटिव्हच्या आसपासही जाऊ देऊ नका.

थंडीनेही आम्हाला चकवलं होतं. मंगळवारी बॅटरी काढण्याआधी, सोमवारी दुपारी सहज प्रयत्न केला, तर इंजिन घर्र… घर्र करत दोन फेरे फिरलं होतं. दादा म्हणाला, थंडीत बॅटरी बसते. थंडीत बॅटरी मंदावते हे खरंच, पण इथे ऑइलचाही वाटा होता. पहाटे ऑइल घट्ट, सेल्फला जास्त जोर, जास्त करंट, म्हणून त्या रंगलेल्या जोडावर जास्त व्होल्ट खर्ची. दुपारी ऑइल पातळ झालं की तोच जोड थोडा कमी खायचा.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. अरे हो, पाना लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि परत लावताना तो सगळ्यात शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. १७ च्या पान्याने बोल्ट सोडला, पट्ट्याखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासला, इंजिनकडचं टोकही घासलं, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली शेवटी, आधी नाही. परत मोजलं तर ०.१५. डिझेलचा कनेक्टर जोडला. बटण दाबायला पोऱ्या पुढे आला, मी त्याला बाजूला केलं. ते बटण माझं होतं.

तपासताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान मिनिटभर थांबा. मी उत्साहात थांबलो नव्हतो, आणि सेल्फच्या आतल्या तारेचे वेढे तापले की खर्च वाढतो. रंगवाल्यालाही सांगून ठेवा, अर्थच्या बोल्टखाली रंग नको. आम्ही आता तिथे खडूने मोठी फुली मारतो.

शनिवारी दुपारी इंजिनिअर आला. साधा, भला मुलगा. चहा घेतला, सगळं ऐकलं, स्वतः मोजून बघितलं आणि म्हणाला, “बरोबर पकडलंत काका.” मग टॅबवर फॉर्म उघडला. दोषाच्या यादीत अर्थचा पट्टा हा पर्यायच नव्हता. बराच वेळ वरखाली करून त्याने ‘बॅटरी टर्मिनल सैल, साफ करून आवळले’ निवडलं आणि टॅब माझ्यापुढे धरला. मी बोटाने सही केली.