स्क्रूवर उभं असलेलं सॅडल

जुन्या अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवर (तारा अडकवायची लाकडी पट्टी) सॅडलच्या (तारा ज्यावर टेकतात ती उभी पट्टी) दोन्ही टोकांना एकेक स्क्रू दिसला, की तारा उंच वाटताच हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. वास्तविक तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो.

गिब्सननं १९५०च्या दशकात जे-४५ या गिटारवर सॅडल वरखाली करायची ही सोय दिली, १९६०मध्ये आलेल्या हमिंगबर्डवरही ती होती. नंतर इतर कंपन्यांच्या स्वस्त गिटारींवरही ती सर्रास दिसू लागली. साधं सॅडल साधारण ३ मिमी जाड असतं, खाचेत घट्ट बसतं आणि त्याचा तळ लाकडाला टेकलेला असतो. इथे खाच जवळपास दुप्पट रुंद. तिच्यात सिरॅमिकचं किंवा शिसवीचं सॅडल, आणि ते उभं दोन स्क्रूंवर. सॅडलचा तळ अधांतरी असल्यामुळे तारांची कंपनं फक्त त्या दोन स्क्रूंमधून टॉपपर्यंत, म्हणजे गिटारच्या वरच्या फळीपर्यंत पोचतात, शिवाय ब्रिजवर धातूचं वजन वाढतं. म्हणून सिरॅमिकचा आवाज कडक आणि टोकदार लागतो, शिसवीचा कोरडा आणि लवकर विरणारा. काहींना कॉर्डच्या साथीला हाच आवाज हवा असतो, तेव्हा सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटांपासून तारांची उंची. गिटार सुरात लावा आणि आधी मान तपासा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. जास्त असेल तर ते काम ट्रस रॉडचं, म्हणजे मानेतल्या बाक कमीजास्त करणाऱ्या सळईचं. मग नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसभर फट राहिली पाहिजे. ही दोन्ही कामं उरकल्यावरच बाराव्या फ्रेटवर उंची मोजा. सहाव्या तारेखाली २.४ मिमी आणि पहिलीखाली १.८ मिमीच्या आसपास असेल तर बहुतेकांचं भागतं.

बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी उतरवावं लागतं. स्क्रू एम४ असेल तर एका पूर्ण फेऱ्यात ०.७ मिमी सरकतो, म्हणजे बाराव्या फ्रेटवर साधारण ०.३५ मिमीचा फरक. स्क्रू कुठला आहे माहीत नसेल तर एक फेरा फिरवून कॅलिपरनं मोजा.

स्क्रू फिरवण्याआधी तारा सैल करा. बारीक तारांच्या लाइट सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर असतो. त्या दाबाखाली जोर लावला की स्क्रूची खाच चुरते, बुशातले (स्क्रू ज्यात फिरतो ती ब्रिजमधली धातूची नळी) आटे जातात, आणि एकच टोक उचललं तर सिरॅमिकचे सरळ दोन तुकडे होतात. दोन्ही बाजूंना आळीपाळीनं अर्धा अर्धा फेरा द्या, पुन्हा सुरात लावा, मग मोजा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेइतकंच रुंद घ्या, बारीक पातं हमखास घसरतं आणि ब्रिजवर ओरखडा उमटतो.

एखादीच तार झणझणत असेल तर स्क्रूच्या वाटेला जाऊ नका. शिसवीच्या सॅडलवर तारेनं चर पाडलेला असतो. तार तिथून स्वच्छ न उठता चराच्या सपाट भागाला घासत राहते आणि तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझण येते. चराची कड तारेच्या उतारानुसार घासली की ती थांबते. सगळ्याच तारांवर खडखड असेल तर सॅडल दोन्ही स्क्रूंवर सारखं टेकलंय का ते बघा. रुंद खाचेत ते पुढे कलतं, हीसुद्धा नेहमीची भानगड: तारेची लांबी घटते आणि वरच्या फ्रेटांवर सूर चढा लागतो.

स्क्रू पार तळाला गेले तरी तारा उंचच? मग दोष सॅडलचा नाही. लांब सरळपट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याच्या आसपास यायला हवं. ते ब्रिजच्या समोरच्या कडेवर दोन मिमी खाली आदळत असेल तर मानेचा कोन बिघडलाय. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. सरकला तर ब्रिज सुटतोय. दोन्ही कामं कारागिराचीच.

सॅडल बदलायचंच असेल तर खाच बुजवून नवी कोरण्याआधी एक सोपा उपाय करून पाहावा. स्क्रू आणि सॅडल काढा, खाचेच्या मापाचं हाडाचं जाड सॅडल बनवा आणि त्याचा तळ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर सपाट घासा. तळ मात्र खाचेच्या बुडाला पूर्ण टेकला पाहिजे, बुशाच्या कडा वर आल्या असतील तर तेवढी जागा तळातून कोरून घ्या. आवाज लगेच भरतो आणि ब्रिजला हात लागत नाही. सॅडलखाली बसणारा पिझो पिकअप (दाबातल्या कंपनांवरून आवाज उचलणारी पट्टी) लावायचा असेल तरी हेच करावं लागतं, कारण अधांतरी सॅडलचा दाब त्याच्यावर पडतच नाही. काढलेले सगळे भाग पिशवीत घालून गिटारच्या केसमध्येच ठेवा. जुनी गिटार घेणारे मूळ भाग आवर्जून मागतात.