दमून गाढ झोपलाय म्हणे!

स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्रभर झोपेत करायच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी फोन आला: मुलाचं डोकं शाम्पूने धुऊन आणा, तेल अजिबात नको. आता हे सासूबाईंना सांगायचं कोणी? "तेलकट डोक्याला वायरी चिकटत नाहीत," म्हटलं, तर "वायरी? डोक्याला?" म्हणत त्या जपाला बसल्या.

लेक साडेपाच वर्षांचा आणि घोरणं मात्र थेट आजोबांच्या तोडीचं. दमून गाढ झोपलाय, असं सगळे म्हणायचे. वर्षभर मीही तेच म्हणत होते. पण मान मागे टाकलेली, तोंड उघडं, उशी घामाने ओली. आणि मधेच घोरणं गप्प. छाती हलतेय, आवाज नाही. मग एकदम मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास. एका डॉक्टरांनी "मोठा झाला की जाईल" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि लगेच तपासणी लिहून दिली.

टेक्निशियन ताईंनी आधी त्याच्या अस्वलाला पट्टे बांधले, मग त्याला. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर वायरी, छाती-पोटाला पट्टे, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा. नाकातल्या नळीवरून मात्र रडारड. झोपेचं औषध देत नाहीत, नेहमीची झोपच बघायची असते. शेजारच्या कॉटवर मी टक्क जागी. दोनच्या सुमारास त्याने नळी उपटली, तर ताईंनी अंधारातच येऊन ती परत बसवली. पठ्ठ्याला पत्ता नाही.

नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर एक तुकडा दाखवला. नाकाची रेष सपाट आणि खाली छातीची-पोटाची रेष एकमेकींच्या उलट हलतेय. म्हणजे पोरगं जीव खाऊन श्वास ओढतंय, पण वाट बंद. मोठ्यांमध्ये असे अडथळे तासाला 5च्या आत असले तर चालतात. मुलांमध्ये 1च्या वर गेले की दखल घेतात. आमचा आकडा 9. सात तासांच्या झोपेत साठाच्या वर. आणि मी त्याला सकाळी शाळेसाठी उठत नाही म्हणून ओरडत होते.

अडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) आणि टॉन्सिल दोन्ही वाढलेत. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

आजोबांना म्हटलं, तुम्हीही एकदा तपासून घ्या. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले, आणि जेवून खुर्चीतच घोरायला लागले. आता मी तिथेही कान लावून बसते.