तुम्ही विचारलंत म्हणून: टीमने गाव सोडावं का?

आमच्या दारामागच्या खुंटीवर एक हिरवी-पिवळी टोपी टांगलेली असते. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल टीमची. इथे सगळे तिला नुसतं 'एज' म्हणतात. २००३ पासून मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते, आणि गेली दोन-तीन वर्षं आलागेला त्या टोपीकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारतो. परवा गणपतीला आलेल्या एका मित्राने मोदकाचं नाक मोडता मोडता विचारला. "टीम चालत नव्हती, स्टेडियम ओस पडलं होतं, म्हणून गेली दुसऱ्या शहरात. मोठं मार्केट मिळत असेल तर जाऊ नये का? दुकानदार नाही का जागा बदलत?"

मोदकपात्र गॅसवर होतं, म्हणून मी "जाऊ नये" एवढंच म्हणून आत पळाले. उरलेलं उत्तर इथे देते.

आधी एक गैरसमज दूर करू. एज मोठ्या मार्केटकडे गेलेलीच नाही. ती मोठं सोडून छोट्याकडे, म्हणजे लास व्हेगसकडे निघालीये. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे मिळून जो पट्टा होतो, तो अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत बाजारांपैकी एक. गुगल, अ‍ॅपल सगळे इथलेच. लास व्हेगस टीव्ही-प्रेक्षकांच्या संख्येच्या क्रमवारीत चाळिशीच्या आसपास घुटमळतं. गंमत म्हणजे हे मेजर लीगलाही, म्हणजे तीस टीमांच्या संघटनेलाही, मान्य होतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक टीम आपल्या स्थानिक कमाईचा सुमारे ४८ टक्के वाटा एका सामाईक डब्यात टाकते आणि तो सगळ्यांत सारखा वाटला जातो, म्हणजे छोट्या गावांना आधार मिळतो. २०१६ च्या करारात ओकलंडला त्या वाटणीतून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरलं. का, तर तुमचं मार्केट मोठं आहे! २०२२ च्या करारात पुन्हा आत घेतलं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिसांच्या तिसांनी मालकांनी हात वर करून टीमला व्हेगसला जायची परवानगी दिली.

मग व्हेगसमध्ये आहे काय? नेवाडा राज्याने स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. ओकलंडच्या बंदरातल्या जागेवर स्टेडियम, घरं, दुकानं असा १,२०० कोटी डॉलरचा आराखडा वर्षानुवर्षं चर्चेत होता, तो २०२३ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत बाजूला पडला. लग्न जमवताना मुलीचं गाव लहान की मोठं हे कोण बघतं, हुंडा किती तेवढं बघितलं. मार्केट हा शब्द त्यावर टाकलेला शेला आहे.

"पण लोकच येत नव्हते ना!" हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. बरोबर, येत नव्हते. १९७९ साली अख्ख्या सीझनमध्ये ३ लाख ६ हजार तिकिटं गेली. एप्रिलमधल्या एका रात्री तर ५० हजारांच्या स्टेडियमात अधिकृत आकडा होता ६५३. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला याहून थोड्याच कमी बायका असतात. आता ११ वर्षं पुढे या. १९९० साली त्याच शहरात, त्याच काँक्रीटच्या वाडग्यात २९ लाख लोक आले. मधल्या काळात ओकलंड काही न्यूयॉर्क झालं नव्हतं. मालक बदलला होता. चार्ली फिनली नावाचा, खेळाडू विकून रिकामा झालेला मालक जाऊन वॉल्टर हास आले होते. जीन्सवाल्या लिव्हाय स्ट्रॉसच्या घराण्यातले. त्यांनी खेळाडूंवर पैसा लावला. ओकलंडमध्येच वाढलेला रिकी हेंडरसन न्यूयॉर्कला गेला होता, तो १९८९ मध्ये परत आला, आणि त्याच वर्षी टीमने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम लढत, जिंकली.

याच हासनी एक भलं काम केलं आणि ते पुढे टीमच्या मुळावर आलं. शेजारची सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ही टीम तेव्हा नव्या स्टेडियमच्या शोधात होती, तिला सॅन होजेकडे जायचं होतं. हासनी तिकडचा हक्क देऊन टाकला, एक पैसा न घेता. जायंट्सना तिथे स्टेडियम मिळालं नाही, कारण मतदारांनी ठराव पाडले. १९९२ मध्ये ते फ्लोरिडाला निघालेच होते, ऐन वेळी स्थानिक मंडळींनी टीम विकत घेऊन थांबवली. २००० साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतच, बहुतेक सगळा खाजगी पैसा लावून, खाडीकाठी स्टेडियम बांधलं. पण फुकट मिळालेला सॅन होजेचा हक्क मात्र परत केला नाही. पुढे एजला सॅन होजेला जायची इच्छा झाली तेव्हा जायंट्स आडवे पडले. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, हरलं, कारण १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. शेजाऱ्याला वाटीभर साखर दिली तर तो वाटी तरी परत करतो.

पुण्याचे नातेवाईक यावर आयपीएलचं उदाहरण देतात. पुण्याच्या दोन टीम आल्या नि गेल्या, कोण रडलं? खरंय. पण पुणे वॉरियर्स तीन सीझन होती, सुपरजायंट दोन. एज ओकलंडमध्ये ५७ सीझन होती. तीन पिढ्या.

मला हा खेळ आला तो स्कोअरिंगमुळे. सांगलीत मोठ्या भावाच्या टेनिस बॉलच्या मॅचेसना वही घेऊन मीच बसायचे. मेडन ओव्हरचे सहा ठिपके जोडून 'एम' काढण्यात मला विकेटपेक्षा जास्त आनंद व्हायचा. २००४ मध्ये ऑफिसने वाटलेल्या फुकट तिकिटावर पहिल्यांदा एजच्या स्टेडियमला, कोलिझियमला गेले. (लागोपाठ २० मॅच जिंकायचा पराक्रम २००२ मध्येच होऊन गेला होता. माझं नशीब!) वरच्या मजल्यावर शेजारी पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ मांडीवर पुठ्ठा घेऊन चौकोनांत काहीतरी लिहीत होते. मी डोकावले. त्यांनी न बोलता पुठ्ठा थोडा माझ्याकडे सरकवला. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: शॉर्टस्टॉप म्हणजे ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंडला, तिथून फर्स्टला, दोघे बाद: ६-४-३. तीन स्ट्राइकवर बाद झाला की 'के', आणि बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर गेला तर तो 'के' उलटा काढायचा. चौथ्या इनिंगला त्यांनी खिशातून दुसरी पेन्सिल काढून मला दिली. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही त्याच रांगेत भेटत राहिलो. त्यांनी मला मार्केटबद्दल कधी काही सांगितलं नाही. "हा पोरगा चांगला आहे, म्हणजे दोन वर्षांत विकतील," एवढंच म्हणायचे, आणि तसंच व्हायचं.

स्टेडियम भिकार होतं, हे कबूल. बार्ट या इथल्या लोकल ट्रेनच्या स्टेशनवर उतरलं की तारेच्या जाळीतला लांबलचक पूल, त्यावर बेकन गुंडाळलेले हॉट डॉग विकणाऱ्या बायका, कांदा परतल्याचा वास. आत गटारं तुंबायची, एकदा कॉमेंटेटरच्या खोलीत पोसम नावाचा प्राणी राहायला आला. पण उजवीकडच्या बाकांवर ढोलवाले असायचे. नऊच्या नऊ इनिंग वाजवायचे, नाशिक ढोलाच्या तोंडात मारतील असे.

मिरवायची गोष्ट म्हणाल तर १३ जून २०२३. तिकडे नेवाडाच्या विधिमंडळात पैशांच्या मंजुरीचं चाललेलं, इकडे चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला: सगळ्यांनी यायचं, आम्ही आहोत हे दाखवायला. एरवी आठ-नऊ हजार डोकी जमायची, त्या मंगळवारी २७,७५९ आली. पार्किंगमध्ये हिरवे टी-शर्ट फुकट वाटले जात होते, छातीवर मालकासाठी एकच शब्द: 'विका'. पाचव्या इनिंगला पहिला बॅटर आला आणि ठरल्याप्रमाणे सगळं स्टेडियम गप्प बसलं. ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला. मग तो बॅटर गेला आणि जी आरोळी उठली, ती आठवून अजून अंगावर काटा येतो. मॅचही आपण २-१ जिंकली. मालक जॉन फिशर यांनी टीम विकली नाही.

आता थोडं इतिहासात जाऊ, कारण 'जाऊ नये' हे माझं नुसतं रडगाणं नाही. याच अ‍ॅथलेटिक्सचं मूळ गाव फिलाडेल्फिया. १९५५ ला कॅन्सस सिटी, १९६८ ला ओकलंड. कॅन्सस सिटी छोटं म्हणून सोडली ना? तिथल्या सिनेटरने लीगच्या कायदेशीर सवलतीवर बोट ठेवल्यावर लीगने १९६९ लाच तिथे नवी टीम दिली, आणि त्या रॉयल्सनी २०१५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. मिलवॉकीची ब्रेव्हज अटलांटाला गेली, तर चार वर्षांनी सिअ‍ॅटलची दिवाळखोर टीम उचलून मिलवॉकीला आणली. मग सिअ‍ॅटल कोर्टात गेलं, त्यालाही १९७७ मध्ये नवी टीम मिळाली. वॉशिंग्टनने दोन टीम गमावल्या, २००५ मध्ये तिसरी मिळाली, ती मॉन्ट्रियलची काढून. म्हणजे 'इथे बेसबॉल चालत नाही' म्हणून ज्या गावांवर फुली मारली, त्यातल्या कितीतरी गावांत लीग स्वतःच परत गेली. मिलवॉकी तर लीगमधल्या सगळ्यात छोट्या बाजारांपैकी एक. २०२५ च्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त, ९७ मॅच, त्यांनीच जिंकल्या.

ब्रुकलिनची डॉजर्स १९५७ नंतर लॉस एंजेलिसला गेली ते मात्र मला पटतं, ब्रुकलिनच्या लोकांनी माफ करावं. तेव्हा सबंध पश्चिम किनाऱ्यावर मेजर लीगची एकही टीम नव्हती आणि विमानांमुळे एवढा प्रवास शक्य झाला होता. आज अशी मोकळी, मोठी जागा उरलीये कुठे? जी उरलीत ती मध्यम शहरं आहेत आणि त्यांच्याकडे आहे फक्त करदात्यांची थैली. टीम हलवण्यापेक्षा तो सामाईक डबा मोठा करा. अमेरिकन फुटबॉलमध्ये टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सारखा वाटतात, म्हणून जेमतेम लाखभर वस्तीचं ग्रीन बे तिथे टिकून आहे, आणि त्या टीमचे शेअर तर सामान्य लोकांकडेच आहेत.

शेवटची मॅच २६ सप्टेंबर २०२४ ला झाली. ४६,८८९ लोक, ३-२ ने जिंकलो. लोक मैदानातली माती कपात भरून नेत होते. मीही थोडी आणली, घरी तुळशीच्या कुंडीत टाकायचा नवऱ्याने आग्रह केला, मी नाही टाकली. सध्या टीम वेस्ट सॅक्रामेंटोच्या १४ हजारांच्या मैदानात पाहुणी आहे आणि नावापुढे कुठलंच शहर लावत नाही. ओकलंडमध्ये 'बॉलर्स' नावाची छोट्या लीगची टीम उभी राहिलीये, उन्हाळ्यात आम्ही तिथे जातो. वही नेते.

एक मात्र सांगायचं राहिलं, आणि ते मी गणपतीच्या पाहुण्यांना कधी सांगत नाही. २००६ मध्ये एजने आमच्या फ्रीमॉन्टलाच यायचं ठरवलं होतं. ओकलंडहून अर्ध्या तासावर, म्हणजे त्याच घरातली दुसरी खोली. गावातली आधीची जागा बारगळल्यावर फ्रीमॉन्टच्याच वॉर्म स्प्रिंग्ज भागातली जागा पुढे आली, आणि २००९ च्या सुरुवातीला शेजारीण कागद घेऊन दारात आली: ट्रॅफिक वाढेल, मुलांच्या शाळा आहेत, घरांच्या किमती पडतील. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. मी सही केली. एकट्या माझ्या सहीने काही झालं नाही, विरोध मोठा होता. फेब्रुवारीत टीमने फ्रीमॉन्टचा नाद सोडला.

पुढच्याच वर्षी टेस्लाने वॉर्म स्प्रिंग्जचा बंद पडलेला कार कारखाना घेतला. २०१७ ला बार्टचं स्टेशन झालं, भोवती अपार्टमेंटच्या रांगा आल्या. शिफ्ट सुटायच्या वेळी त्या सिग्नलला रोज वीस-वीस मिनिटं जातात, आणि शेजारच्या गाडीत बहुतेक वेळा तीच शेजारीण असते. आम्ही एकमेकींना हात करतो.