गिळलेलं बटण शरीरात होतं का?

पचनसंस्थेचा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की फळ्यावर आकृती काढताना हात आपोआप फिरतो. तोंड, अन्ननलिका, जठर, मग लहान आतड्याची ती गुंतवळ आणि तिच्याभोवती मोठ्या आतड्याची चौकट. जठर डाव्या बाजूला असलं तरी फळ्यावर उजवीकडे येतं, कारण आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. हे दरवर्षी सांगावं लागतं आणि तरी दरवर्षी निम्मा वर्ग यकृत भलत्याच बाजूला काढतो.

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात अशीच आकृती काढून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, माझ्या धाकट्या भावाने शर्टाचं बटण गिळलं होतं. दोन दिवसांनी बाहेर आलं. मग मधले दोन दिवस ते त्याच्या शरीरात होतं का?"

वर्ग खिदळला. मी म्हटलं, "होतंच की. पोटात होतं."

"पण पोटाने त्याचं काहीच केलं नाही ना. जसं गेलं तसं आलं."

मी "बस खाली" म्हणून पुढे सरकले. संध्याकाळी वह्या तपासताना लक्षात आलं की तिचं बरोबर होतं आणि माझं चूक. तोंडापासून गुदद्वारापर्यंत ही एक सलग नळी आहे, दोन्ही टोकांना उघडी. मण्यात दोरा ओवला तर दोरा मण्याच्या मधून जातो, मण्याच्या काचेत शिरत नाही. बटण त्या दोऱ्यासारखं होतं. आणि आपण खाल्लेला घाससुद्धा, जोवर आतड्याची भिंत ओलांडत नाही तोवर, तसाच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, उलट्या बाजूने. आधी भिंत, मग बाकी सगळं. भिंतीतून पार होईल असं काय असतं? अगदी लहान रेणू. पिष्टाची लांबलचक साखळी जात नाही, तिची साखर झाली की जाते. प्रथिनांचं तेच, स्निग्ध पदार्थांचंही तेच. मग चावणं कशासाठी, आम्ल कशासाठी, अन्नाचे रेणू तोडणारी विकरं (एन्झाइम) कशासाठी, हे मुलं आपणहून सांगायला लागली. "आत शिरायला बारीक व्हावं लागतं," हे एका मुलाचं वाक्य. मी ते फळ्यावरून आठवडाभर पुसलं नाही.

दाखवायला मी नायलॉनचा जुना लांब मोजा आणते. पाव पाण्यात कुस्करून त्यात भरायचा आणि मुलांनी मुठीने मागून दाबत दाबत पुढे सरकवायचा. घास खाली जातो तो स्वतःच्या वजनाने पडत नाही, नळीचे स्नायू त्याला मागून आवळत ढकलतात, म्हणून उलटं लटकूनही गिळता येतं, हे हाताला कळतं. खालच्या ट्रेमध्ये पांढरट पाणी ठिबकतं. ते रक्तात गेलं असं समजायचं. मोज्यात उरला तो चोथा अजून बाहेरच. त्या वर्षी मोजा मधेच टर्रकन फाटला, अख्खा लगदा टेबलावर आला आणि कुणीतरी ओरडलं, "अल्सर!" मला हसू आवरेना, पण उदाहरण काही वाईट नव्हतं.

अल्सर निघाला की हमखास येणारा प्रश्न: जठरातलं आम्ल मांस विरघळवतं, मग जठरच का विरघळत नाही? त्याला आतून चिकट श्लेष्माचा लेप असतो. प्रथिनं तोडणारं जठरातलं विकर, पेप्सीन, तेही आधी निष्क्रिय रूपात तयार होतं आणि जठराच्या पोकळीत आम्ल भेटल्यावरच कामाला लागतं. शिवाय अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलून नव्या येतात. हा बंदोबस्त ढासळला की व्रण होतो. अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो असं मानलं जायचं, तेव्हा १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने खरं कारण जिवाणू आहेत हे दाखवायला हेलिकोबॅक्टर नावाच्या जिवाणूंचं मिश्रण चक्क पिऊन टाकलं आणि स्वतःच्या जठराला दाह करून घेतला. २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. ही गोष्ट सांगून झाल्यावर "घरी करून पाहू नका" हे मी दोनदा म्हणते.

भिंतीलाच भोक पडलेल्या माणसाची गोष्ट मात्र मी घाईत उरकत नाही. ६ जून १८२२. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम पूर्ण मिटली नाही. जठरापर्यंत जाणारं एक छिद्र कायमचं राहिलं. १८२५ पासून बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडायचा आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघायचा, किती झिजले ते. जठररस बाटलीत काढून, बाटली अंगाइतकी उबदार ठेवून त्यात मांस घातलं, तर तेही हळूहळू विरघळलं. म्हणजे जठर नुसतं घुसळत नाही, तिथे रसायनाचं काम चालतं, आणि ते शरीराबाहेरही होतं. १८३३ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकरूपाने छापलं.

मुलं विचारतात, "त्याला चालत होतं का हे?" चांगला प्रश्न. सेंट मार्टिन गरीब होता, पोटासाठी डॉक्टरवर अवलंबून होता आणि एकदा न सांगता कॅनडाला निघूनही गेला होता. बोमाँट १८५३ मध्ये गेला, सेंट मार्टिन त्याच्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. हे ऐकून वर्गाला दरवेळी बरं वाटतं. मलाही.

लाळेचा प्रयोग मात्र माझ्या हातून फसलेला आहे. पिष्टाच्या पातळ खळीत लाळ मिसळायची, पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ठेवायचे आणि दर मिनिटाला एकात ते मिश्रण टाकत जायचं. पिष्ट असेपर्यंत निळा-काळा रंग येतो, पिष्ट संपलं की आयोडीन आपलं तपकिरीच राहतं. आमचे बाराच्या बारा थेंब निळे-काळे. मी खळ चुलीवरून, म्हणजे स्पिरिटच्या दिव्यावरून, उतरवल्या उतरवल्या वापरली होती. लाळेतलं पिष्ट तोडणारं विकर, अमायलेज, त्या उष्णतेनेच निकामी झालं. दुसऱ्या दिवशी कोमट खळ घेतली आणि काही मिनिटांत रंग येईनासा झाला. आता मी दोन्ही परीक्षानळ्या मुद्दाम शेजारी शेजारी ठेवते. फसलेली जास्त शिकवते.

भाषाही या धड्यात फार दगा देते. "जठर कुठे आहे, हात ठेवा" म्हटलं की सगळे बेंबीवर हात ठेवतात, कारण आपल्याकडे बरगड्यांखालचं सगळंच पोट. पोट दुखतं, पोट सुटतं, पोटात गोळा येतो, गुपितही पोटातच राहतं. आणि "पित्त झालंय" म्हणतो तेव्हा छातीत जळजळणारं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. पित्तरस बिचारा यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो, आणि तो आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. त्यात पचनाचं एकही विकर नसतं. तो फक्त तेलकट पदार्थांचे बारीक थेंब करतो, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसाला काम सोपं जातं. बाटलीत तेल-पाणी हलवून त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले की हे अर्ध्या मिनिटात दिसतं.

एक कबुली आणखी. आतड्याची आतली घडी उलगडली तर टेनिस कोर्ट भरेल, असं मी वर्षानुवर्षं हात पसरून सांगत आले. २०१४ मध्ये दोन स्वीडिश संशोधकांनी नीट मोजणी केली तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस मीटर भरलं. निम्म्या बॅडमिंटन कोर्टाहूनही कमी. माझं आवडतं वाक्य गेलं.

बटणवाली मुलगी वर्षभर त्या भिंतीला चिकटून होती. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाली, "बाई, लाळ आतून येते ना? मग तोंडात आली की ती बाहेरची, आणि गिळून शोषली गेली की पुन्हा आतली?" अगदी तसंच आहे. लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे रस मिळून दिवसाला सुमारे सात लिटर पाणी आपण या नळीत ओततो, वर खाण्यापिण्यातून दोनेक लिटर येतं, आणि यातलं पाव लिटरही बाहेर जात नाही. बाकी सगळं भिंतीतून परत घेतलं जातं. जुलाबात माणूस तासाभरात का गळून जातो, ते तिला मग सांगावं लागलं नाही.

वार्षिक परीक्षेत आकृती आली होती, नावं देण्यासाठी. तिने सगळी नावं बरोबर दिली, आणि मोठ्या आतड्यात एक छोटा गोल काढून बाणाने लिहिलं: "बटण (शरीराबाहेर)". त्याला गुण द्यायची सोय नव्हती. मी लाल पेनने बटणाला चार भोकं काढून दिली.