दर वेळी ग्रीसच का?

'हार्ट्स ऑफ आयर्न ४' खेळणारी ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात : जर्मनी, रशिया, अमेरिका सोडून तुम्ही दर वेळी ग्रीसच का घेता? शेवटी हरायचंच असतं ना? म्हणून एकदा नीट सांगतो.

दुसऱ्या महायुद्धावरच्या या कॉम्प्युटर खेळात एक देश घेऊन तो आपण चालवायचा असतो. मी तो १ जानेवारी १९३६ पासून सुरू करतो. जर्मनी घेतली तर दहा चुका खपून जातात. एखादं सैन्य वेढ्यात सापडलं तरी कारखाने भरपाई करतात आणि आपलं कुठे चुकलं ते कळतही नाही. ग्रीसकडे मोजके कारखाने, त्यात डोक्यावर जुनं कर्ज. इथे चूक लगेच अंगावर येते.

माझी पहिली चूक उत्पादनातली. होते तेवढे लष्करी कारखाने मी रायफली, तोफा, विमानं, रणगाडे अशा सगळ्यांत वाटून टाकले. एकच वस्तू सलग बनवली की कारखान्याचा हात बसतो, वस्तू बदलली की वेग घसरतो. मी तर सारखा बदलत होतो. इटली चालून आली तेव्हा डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, भरपूर होत्या, पण निम्म्यांना पुरेशा रायफली नव्हत्या. आता मी रायफली आणि तोफा एवढंच बनवतो.

दुसरी चूक मोठी, आणि ती मी जिंकत असताना केली. पिंडस डोंगरात इटलीचा हल्ला मोडला. मी उलटा इटलीच्या ताब्यातल्या अल्बानियात शिरलो, तिथलं कोर्चा शहर घेतलं. त्या आनंदात बल्गेरियाच्या सीमेवरची एकेक डिव्हिजन उचलून पश्चिमेला नेत गेलो. दर वेळी वाटायचं, आणखी एक दिली की इटली समुद्रात. मग बल्गेरियातून जर्मन उतरले. उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात माझं कुणीच नव्हतं. अल्बानियातल्या सैन्याची रसद तुटली आणि नकाशावरचा तो सगळा पट्टा लाल झाला. मी आयर्नमॅन मोडमध्ये खेळतो, म्हणजे मागचं सेव्ह उघडून चूक पुसता येत नाही. ते सैन्य संपताना शेवटपर्यंत बघावं लागलं.

त्यानंतर मी खरा इतिहास वाचायला घेतला आणि अंगावर काटा आला. २८ ऑक्टोबर १९४० ला पहाटे इटलीचा निर्वाणीचा खलिता आला, ग्रीसचे पंतप्रधान मेताक्सास यांनी तो धुडकावला. २२ नोव्हेंबरला ग्रीक सैन्य कोर्चात होतं. ६ एप्रिल १९४१ ला जर्मन बल्गेरियातून आले. सीमेवरचा रुपेलचा किल्ला झुंजत राहिला, पण त्यांचे रणगाडे युगोस्लाव्हियाच्या कोपऱ्यातून बगल देऊन खाली उतरले आणि ९ तारखेला थेसालोनिकी पडलं. ग्रीसचं बहुतेक सैन्य तेव्हाही अल्बानियाच्याच आघाडीवर होतं. २० तारखेला तिथल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, २७ ला अथेन्स गेलं. उत्तर ग्रीसमधल्या अलियाकमोन नदीच्या मागे आधीच सरकायचा विचार ब्रिटिशांशी झालेल्या बोलण्यात निघाला होता, पण सेनापती पापागोस यांचं मन होईना.

नुसतं वाचलं असतं तर मीही म्हणालो असतो, मागे का नाही आले? पण कोर्चातल्या डिव्हिजनवर माउस नेऊन, माघारीचा हुकूम न देता मी किती वेळ बसलो होतो ते मला आठवतं. माझ्यासाठी तो नकाशावरचा एक तुकडा होता. त्यांच्यासाठी पिंडसच्या बायकांनी बर्फातून पाठीवर दारूगोळा वाहून नेला होता. असल्या कष्टाने मिळवलेली जमीन सोडा, असं सैनिकाला कोणत्या तोंडाने सांगणार? छोट्या देशाच्या सेनापतीची ही कोंडी मला पुस्तकातून कधीच समजली नसती. ग्रीस घेतो तो यासाठी.

आता मी पिंडसच्या खिंडीत थांबतो. समोर कोर्चा मोकळं दिसलं तरी पुढे जात नाही. दर महिन्याच्या १ तारखेला खेळ पॉज करतो, बल्गेरियाची सीमा उघडतो आणि तिथल्या डिव्हिजन मोजतो. तिकडे काहीच घडत नसतं तेव्हा तर नक्कीच मोजतो. मागच्या डावातही थेसालोनिकी पडलं, पण अल्बानियात अडकलेली एकही डिव्हिजन नव्हती. सगळ्या अलियाकमोनच्या काठावर खंदक खोदून बसल्या होत्या, आणि १९४१ चा जून उजाडला तरी अथेन्सवर आपलाच झेंडा होता.