जॅकमानी क्लेमॅटिस : तिसऱ्या उन्हाळ्याची नोंद

इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड येथे आमच्या घरामागच्या छोट्या बागेत लावलेल्या जॅकमानी क्लेमॅटिसला यंदा २७ जून रोजी पहिले फूल आले आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी एकेचाळीस फुले मोजली. पहिल्या वर्षी एकही फूल न देता जमिनीपर्यंत वाळून गेलेली हीच वेल असल्यामुळे तिची हकिगत सुरुवातीपासून लिहून ठेवत आहे.

ही जात निवडण्यामागे जिव्हाळा होता. येथून जवळच असलेल्या वोकिंगमधील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये केलेल्या संकरातून ती निर्माण झाली आणि १८६२ मध्ये प्रथम फुलली. पावसाळा सरता सरता सह्याद्रीतील झुडपांवर पांढऱ्या चांदण्या पसरणारी आपली रानजाईदेखील याच प्रजातीतली आहे, हे कळल्यावर तर दुसऱ्या कोणत्या वेलीचा विचार मनात आलाच नाही.

लागवड एप्रिल २०२२ मध्ये केली. लाकडी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी माती कोरडी राहते, म्हणून खड्डा कुंपणापासून ४० सेंटिमीटर अंतरावर घेतला, त्यात कुजलेले शेणखत मिसळले आणि रोपाचा मातीचा गड्डा जमिनीच्या पातळीपेक्षा आठ सेंटिमीटर खाली बसवला. बहुतेक रोपांचे खोड असे पुरले तर ते कुजते. क्लेमॅटिसचे मात्र पुरलेल्या पेरांवरचे डोळे मातीखाली सुरक्षित राहतात आणि वरचा भाग गेला तरी त्यांतून नवे फुटवे येऊ शकतात.

याची प्रचिती जून महिन्यातच आली. आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेले दोन्ही फुटवे सकाळी माना टाकून लोंबत होते आणि पानांचे देठ काळे पडले होते. पाणी भरपूर असूनही अशी अवस्था होते तेव्हा मर रोगाची शंका घ्यावी; तो बुरशीमुळे होतो आणि मोठ्या फुलांच्या संकरित जातींना विशेष ग्रासतो. दोन्ही फुटवे जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकले, कंपोस्टच्या ढिगात नाही, आणि कात्री निर्जंतुक केली. त्यानंतर जवळजवळ सात आठवडे मी रिकाम्या मातीला नियमाने पाणी घालत होतो. ऑगस्टमध्ये तेथूनच जांभळट रंगाचे, बोटाच्या पेराएवढे तीन कोंब वर आले, तेव्हा झालेला आनंद या वर्षीच्या फुलांनीही दिलेला नाही.

दुसऱ्या वर्षी गोगलगायींनी कोवळे कोंब खाल्ले, रात्री विजेरी घेऊन त्या वेचाव्या लागल्या, आणि फुले नऊच आली.

जॅकमानी त्याच वर्षीच्या नव्या वाढीवर फुलते, त्यामुळे तिची छाटणी निष्ठुरपणे करावी लागते. यंदा फेब्रुवारीअखेर सगळ्या फांद्या जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, भरदार डोळ्यांच्या जोडीच्या किंचित वर कापल्या. मार्चपासून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले, कारण या वेलीला शेंड्याला ऊन आणि मुळाशी गारवा हवा असतो. टोमॅटोसाठी मिळणारे पालाशयुक्त द्रवरूप खत दर पंधरवड्याला दिले आणि कळ्या उमलू लागताच थांबवले.

आधाराबाबतची माझी चूकही नोंदवतो. क्लेमॅटिसला तणावे नसतात. ती पानांच्या देठांनी पकड घेते आणि हे देठ पेन्सिलीहून जाड वस्तूला नीट वेढा घालू शकत नाहीत. आधी लावलेल्या रुंद पट्ट्यांवरून वेल घसरत राहिली. बारीक तारेची जाळी लावल्यावर एका कोवळ्या देठाने दोन दिवसांत तारेभोवती पूर्ण फेरा घेतला आणि आठवड्याभरात तो सुतळीच्या गाठीसारखा कडक झाला.

फुलाला खऱ्या पाकळ्या नसतात. पाकळ्या वाटतात ती चार निदले, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात. उमलताना ती मखमली, गडद जांभळी दिसतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून निळसर फिकी होत जातात, त्यामुळे सध्या एकाच फांदीवर तीन निरनिराळ्या छटा दिसत आहेत. खालची सुमारे ६० सेंटिमीटर वेल मात्र उघडी पडली आहे. तेथे सावली धरणारे, उथळ मुळांचे जिरॅनियम सप्टेंबरमध्ये लावणार आहे.